बरा झालेला

खारघरच्या टेकडीखाली, तळमजल्यावर,
जिथं खिडकी नाही आणि दिवस
सकाळी सात वाजता बटणावर उगवतो,
तिथं मी अठरा वर्षं उंदीर सांभाळते.
कुणी विचारलं काय काम,
तर सांगते, पाळणाघर.

झुबेर मुकादम, पनवेलचा, मिशी नीट न फुटलेला,
बर्फाच्या डब्यातून नळी घेऊन आला.
“वैजूताई, हे जंतू.”
“कसले?”
“पोट बिघडवणारे. पण त्यांचे दात काढलेत.”
मी हसले. जंतूंना दात.
मग ट्रॉलीवर कोपर टेकून त्यानं सांगितलं:
गाठीच्या गाभ्यात हवा पोचत नाही,
रक्त पोचत नाही, औषध वाटेतूनच परततं,
अंगाचे पहारेकरीसुद्धा तिकडे फिरकत नाहीत.
ह्यांना नेमकं तेच आवडतं.
जातात, वसतात, वाढतात,
आणि पुरेशी दाटी झाली की
आपणहून फुटतात,
पोटात भरून दिलेलं औषध सांडतं.
“सगळेच फुटतात?”
“थोडे उरतात. ते पुन्हा वाढतात.”

हे मला फार नवं नव्हतं.
माझा बाप बेलापूरच्या खाडीत निवट्या धरायचा.
ओहोटीला हात कोपरापर्यंत घातला
की वरचा चिखल करडा, आतला काळा,
आणि नासक्या अंड्याचा वास.
मी नाक दाबायची. बाप म्हणायचा,
“घान खानारा बी कोन तरी हाय आत,
म्हनून तं खाडी जित्ती हाय.”
त्या चिखलावर भराव पडला.
आता तिथं सेक्टर आहे,
सेक्टरला नंबर आहे.

नंबर इथंही, प्रत्येकाच्या कानात.
दिव्याखाली शेपटी शेकली
की शीर फुगते, जांभळी, दोऱ्याएवढी.
मी धरते, तो टोचतो.
चारशे सतरा माझ्या हातमोज्यावर मुतला
आणि वळून माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सगळे केस फुलवून कोपऱ्यात.
दोन मेले.
झुबेरनं वहीत लिहिलं, दोन,
आणि डबा न उघडता घरी नेला.

तिसऱ्या दिवशी काळ्या पेटीत, झोपेचं औषध देऊन,
पडद्यावर पाहिलं:
रक्तात नाही, काळजात नाही,
फक्त गाठ उजळलेली,
भरतीच्या रात्री पाण्यात हात फिरवला
की पेटायचं, तशी.

मग एक दिवसाआड कॅलिपर.
अकरा मिलिमीटर. नऊ. नऊ.
(दुसऱ्या नऊला त्यानं माझ्याकडे असं बघितलं
जणू मीच धरायला चुकले.)
सहा.
शेजारच्या पिंजऱ्यात मात्र चौदा, सोळा,
तिथं जंतू वसले होते तरी.
का, ते त्यालाही सांगता येईना.
एका सकाळी चारशे सतराच्या कुशीवर
मी बोट फिरवलं, परत फिरवलं.
“लागत नाही हाताला.”
“शून्य लिहू?”
“मला लागत नाही, एवढंच सांगते.”

साठाव्या दिवशी यादी आली.
बरा झाला हे कागदावर यायचं
तर उघडून बघावं लागतं.
यादीत तो पहिलाच.
अंगानं भरलेला, केसांना चकाकी,
कागदाच्या चिंध्यांचं घरटं इतकं घट्ट
की त्याला बाहेर काढताना ते सोबत उचललं गेलं.
अठरा वर्षांत हजारो धरलेत मी.
डब्यात गॅस हळूच सोडायचा असतो,
हळू सोडला.

आत काही सापडलं नाही.
पांढुरका वळ, तांदळाच्या कणीएवढा.
“काहीच नाही, ताई,” झुबेर म्हणाला. “काहीच नाही.”
हसला की कसं,
मास्कमुळे कळलं नाही.

घरी येऊन दूध कोमट केलं,
करंगळी बुडवून पाहिली,
चमचाभर विरजण घातलं.
झाकण हातात धरून उभी राहिले थोडा वेळ.
मग ठेवलं,
आणि हात पुन्हा धुतले.